भावंडांचे संयुक्त खाते

१९९२ च्या फेब्रुवारीत फ्रान्समधील आल्बेरव्हिल येथे हिवाळी ऑलिंपिक भरले होते. बर्फावरील नृत्याच्या, म्हणजे आइस डान्सच्या स्पर्धेत यजमान देशाची सारी भिस्त एका बहीण-भावाच्या जोडीवर होती. इझाबेल आणि पॉल ड्यूशेने त्यांची नावे. आदल्याच वर्षी म्युनिकला दोघे जगज्जेते झाले होते. प्रेक्षक घरचे होते, कौतुक घरचे होते. निकाल लागला तेव्हा मात्र त्यांच्या हाती रौप्यपदक आले. सुवर्णपदक मिळाले ते मरिना क्लिमोव्हा आणि सर्गेई पोनोमारेंको या जोडीला. ती दोघे नवरा-बायको होती.

एका निकालावरून सिद्धान्त मांडू नये, हे खरेच. क्लिमोव्हा-पोनोमारेंको ही काही ऐऱ्यागैऱ्यांची जोडी नव्हती. त्याआधीच्या दोन ऑलिंपिकमध्ये त्यांनी पदके मिळवली होती, जगज्जेतेपदही भोगले होते. त्यांनी सोने पळवले असे कोणीच म्हणणार नाही. पण त्या विजयमंचावरचे चित्र मला या खेळाची सगळी गोम सांगणारे वाटते. एका पायरीवर दाम्पत्य, तिच्या खालच्या पायरीवर भावंडे. जिथे स्त्री-पुरुषांच्या जोडीने नाचायचे आणि परीक्षकांनी त्या नाचण्याला गुण द्यायचे, तिथे सख्ख्या बहीण-भावाने नाचावे तरी कशावर?

आपल्याकडे हा खेळ फारसा कोणी पाहत नाही, म्हणून थोडे स्पष्टीकरण करतो. बर्फावर जोडीने करायचे दोन प्रकार आहेत. एकात पुरुष स्त्रीला डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो, दोघे उंच उड्या मारतात. तो नुसता जोडीचा स्केटिंग प्रकार. आइस डान्स निराळा. त्यात फेकाफेक नाही, मोठ्या उड्या नाहीत, जोडीदाराला हात ताणून डोक्यावर उचलायलाही बंदी. सारे कौशल्य पावलांत, बुटाखालच्या पात्याच्या कडांत आणि दोघांमधले अंतर कमीत कमी ठेवण्यात. या प्रकाराचा जन्मच मुळी युरोपातल्या नृत्यगृहात झाला. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टँगो, रुंबा हे त्याचे अभ्यासक्रम. दर हंगामाला आंतरराष्ट्रीय संघटना एक ताल किंवा शैली नेमून देते आणि प्रत्येक जोडीला स्पर्धेचा एक भाग त्या तालावर करावाच लागतो. जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत हा प्रकार १९५२ पासून आहे, ऑलिंपिकमध्ये १९७६ पासून.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. भावंडांची अडचण पहिल्यापासून नव्हती. १९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षे जगज्जेतेपद कोणाकडे होते? चेकोस्लोव्हाकियाच्या एव्हा रोमानोव्हा आणि पाव्हेल रोमान यांच्याकडे. ती दोघे सख्खी बहीण-भाऊ! त्या काळी परीक्षक पाहत ते पावले ठरल्या रेषेवर पडतात की नाही, ताल सुटतो की नाही, पकड बरोबर आहे की नाही. एखाद्या शिस्तीच्या नृत्यवर्गात शोभेल असा तो खेळ होता. नृत्यवर्गात बहिणीबरोबर वॉल्ट्झ करायला कोणाची हरकत असायची?

चित्र बदलले ते सोव्हिएत जोड्या आल्यावर. ल्युदमिला पाखोमोव्हा आणि अलेक्सांद्र गोर्श्कोव्ह या जोडप्याने आइस डान्समध्ये रशियन बॅलेची नाट्यमयता आणली. १९७६ चे पहिले ऑलिंपिक सुवर्ण त्यांचेच. ‘टँगो रोमँटिका’ नावाचा जो नृत्यबंध त्यांनी घडवला, तो पुढे सगळ्या जगाला नेमून दिला गेला. नावातच काय ते आले. १९८४ मध्ये सारायेव्होला जेन टॉर्व्हिल आणि क्रिस्टोफर डीन या ब्रिटिश जोडीने राव्हेलच्या ‘बोलेरो’वर नृत्य केले आणि कलात्मकतेच्या रकान्यात नऊच्या नऊ परीक्षकांनी सहापैकी सहा गुण दिले. तिथून पुढे जोडीने नाचायचे म्हणजे प्रेमकथा सांगायची, असा जणू अलिखित नियमच होऊन बसला. खेळ पावलांकडून गोष्टीकडे सरकला, आणि गोष्ट एकच उरली.

मी बँकेत अधिकारी होतो. कर्जाच्या अर्जांची छाननी करण्यात उमेदीची वर्षे गेली. त्या कामाची एक सवय अंगात मुरली आहे. कागद कितीही देखणा असला तरी आधी रकाने वाचायचे. गुण कशाला आहेत, हे एकदा कळले की माणसे तसे का वागतात ते आपोआप कळते. आइस डान्सच्या गुणपत्रिकेत ‘प्रेम’ असा रकाना कधीच नव्हता. पण सादरीकरण, संगीताचा अर्थ लावणे, रचना अशा नावांचे रकाने होते आणि त्यांतले सादरीकरण व रचना आजही आहेत. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधील परीक्षकांच्या गैरप्रकारानंतर सहा गुणांची जुनी पद्धत मोडीत निघाली. नव्या पद्धतीत एकेका घटकाला वेगळे गुण आले. तरी हे रकाने वेगळ्या नावाने राहिलेच. अशा रकान्यात परीक्षक आपल्या मनातले चित्र भरतो. नर्तक स्त्री-पुरुष असले की ते चित्र कोणते, हे सांगायला नको.

तरीसुद्धा या खेळात भावंडांच्या जोड्या सतत का येत राहतात? कारण सरळ व्यवहाराचे आहे. बर्फावर नाचायला मुली पुष्कळ येतात, मुलगे थोडे. चांगला जोडीदार मुलगा मिळणे ही मुलीच्या आईबापांना स्थळ शोधण्याइतकीच दगदग असते. मिळाला तरी तो टिकेल, दुसऱ्या शहरात जाणार नाही, अधिक उंच मुलीकडे वळणार नाही, याची हमी नाही. अशा वेळी घरातच एक मुलगा असेल तर? एकच गाडी, एकच प्रशिक्षक, पहाटेचा एकच गजर. भांडण झाले तरी रात्री जेवायला एकाच टेबलावर बसायचे. बँकेच्या भाषेत बोलायचे तर, भांडवल घरचे आणि भागीदार पळून जाण्याचा धोका कमी. अशा अर्जावर कोणताही अधिकारी डोळे झाकून सही करील.

धोका असतो तो पुढे. चौदा-पंधरा वर्षांची होईपर्यंत दोघे गोड दिसतात. मग अंगे भरतात, संगीत बदलते आणि नेमून दिलेला ताल रुंबाचा निघतो. रुंबा हा स्त्री-पुरुषांच्या आकर्षणाचा नाच, असे सगळ्या नृत्यशिक्षकांचे पाठ्यपुस्तकच सांगते. बहिणीने भावाच्या डोळ्यांत डोळे घालून तो करावा तर प्रेक्षक संकोचतो. न करावा तर परीक्षक म्हणतो, दोघांत काही घडतच नाही.

ड्यूशेने भावंडांनी या पेचातून जी वाट काढली ती अभ्यासण्याजोगी आहे. पॉलचा जन्म फ्रान्समधील मेत्सचा, दोघांचे बालपण कॅनडातल्या क्वेबेकचे. आधी कॅनडातर्फे आणि पुढे फ्रान्सतर्फे ती खेळली. त्यांना नृत्यरचनाकार लाभला तो साक्षात क्रिस्टोफर डीन, ‘बोलेरो’ नाचलेला. प्रेमकथेचा नियम ज्याच्यामुळे पक्का झाला, त्यानेच या दोघांसाठी तो मोडला. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ढोलांच्या ठेक्यावर एक रानटी वाटावे असे नृत्य केले. प्रेक्षक उठून उभे राहिले, परीक्षक बुचकळ्यात पडले, क्रमांक आठवा आला. मग १९९० मध्ये ‘मिसिंग’ आले. दक्षिण अमेरिकेतल्या लष्करी राजवटींनी रातोरात उचलून नेलेल्या, पुन्हा कधीच न दिसलेल्या माणसांवरचे ते नृत्य. बर्फावर दोन माणसे भेदरून एकमेकांना धरून आहेत. ती प्रियकर-प्रेयसी आहेत की भावंडे आहेत की एका कोठडीतले दोन कैदी, हा प्रश्नच तिथे उरत नाही. त्या वर्षी जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत त्यांना रौप्य मिळाले, आणि १९९१ मध्ये याच विषयाचा पुढचा भाग सादर करून सुवर्ण.

आल्बेरव्हिलला त्यांनी ‘वेस्ट साइड स्टोरी’ घेतली. त्या कथेतली प्रसिद्ध जोडी म्हणजे टोनी आणि मारिया, दोघे प्रेमिक. ड्यूशेने नाचली मारिया आणि तिचा भाऊ बर्नार्डो म्हणून. म्हणजे जगातल्या एका गाजलेल्या प्रेमकथेतून त्यांनी नेमके बहीण-भावाचे नाते वेचून काढले. मला हे धाडस फार मोठे वाटते. ते रौप्यपदकावर थांबले, आणि त्यानंतर त्यांनी स्पर्धा सोडली.

आता या प्रकरणातली खरी मौज सांगतो. ज्या टॉर्व्हिल आणि डीन यांनी ‘बोलेरो’त जगाला प्रेम म्हणजे काय ते दाखवले, ती दोघे प्रत्यक्षात पती-पत्नी नव्हती. पुढे दोघांनी वेगवेगळ्या व्यक्तींशी लग्ने केली. डीन यांचे पहिले लग्न तर इझाबेल ड्यूशेने हिच्याशीच झाले, १९९१ मध्ये. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर या कॅनडाच्या जोडीने ‘मुलाँ रूज’च्या संगीतावर सुवर्ण जिंकले. तुमचे खरोखर काही आहे का, हे विचारून पत्रकारांनी त्यांना भंडावून सोडले. काही नव्हते. दोघे लहानपणापासूनचे सहकारी होते, एवढेच. म्हणजे गुण मिळतात ते नात्याला नव्हे, नात्याच्या अभिनयाला. परक्या दोघांनी प्रेमाचा अभिनय केला तर ती कला. भावंडांना तो अभिनय करता येत नाही आणि त्यांच्याजवळ जे खरोखरचे नाते आहे त्याला गोष्ट म्हणून कोणी ओळखत नाही. नट म्हणून आधीच बाद झालेल्या माणसाला नाटकाच्या स्पर्धेत उतरवावे, तसा हा प्रकार.

याच प्योंगचांगला कांस्यपदक मिळाले ते माया आणि अ‍ॅलेक्स शिबुतानी या अमेरिकन भावंडांना. ती २३ वर्षांची, तो २६ वर्षांचा. २००४ पासून दोघे एकत्र स्केटिंग करीत होती. ऑलिंपिकमध्ये आइस डान्सचे पदक मिळवणारी ड्यूशेने यांच्यानंतरची ही दुसरीच भावंडांची जोडी. मधे २६ वर्षे गेली होती.

शिबुतानींच्या कारकिर्दीचा आलेख बारकाईने पाहण्यासारखा आहे. २०११ मध्ये, वरिष्ठ गटातल्या पहिल्याच हंगामात, मॉस्कोला जागतिक कांस्यपदक. माया तेव्हा सोळा वर्षांची होती. एवढ्या लवकर एवढे यश म्हटल्यावर पुढे चढण असेल असे कोणालाही वाटेल. पण झाले उलटे. पुढची चार वर्षे जागतिक स्पर्धेत एकही पदक नाही. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये क्रमांक नववा. तंत्रात ती मागे पडली होती असे मला वाटत नाही. ती वयात आली होती आणि तिथे त्यांच्यासाठी तयार गोष्ट नव्हती, असे मला वाटते.

ती गोष्ट त्यांना २०१५-१६ च्या हंगामात सापडली. ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडच्या ‘फिक्स यू’ या गाण्यावर त्यांनी नृत्य बसवले. त्यात कोणी कोणाला मोहवत नाही. कोलमडणाऱ्याला दुसरा उचलून धरतो, एवढाच विषय. त्या वर्षी ती प्रथमच अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली आणि बॉस्टनच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. पुढच्या वर्षी पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद आणि जागतिक कांस्य. या तीन हंगामांतली तीन मुक्त नृत्ये मिळून एकच कथा आहे, असे ती दोघे सांगत. ती कथा त्यांची स्वतःची होती.

मात्र ऑलिंपिकच्या हंगामाला नेमून दिलेला ताल निघाला लॅटिन अमेरिकन, आणि त्यात ठरलेला नृत्यबंध रुंबाचा! शिबुतानींनी मांबोच्या उत्साहावर वेळ मारून नेली. त्या पहिल्या भागात त्यांना ७७.७३ गुण मिळाले. मॅडिसन हबेल आणि झॅकरी डोनोह्यू या त्यांच्याच देशाच्या जोडीला ७७.७५. शतांश दोन गुणांनी ती चौथ्या स्थानावर गेली. दुसऱ्या दिवशी मुक्त नृत्यात, जिथे गोष्ट आपली आपण निवडता येते तिथे, तिसरी आली आणि पदक राहिले. दोन शतांशांवरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. पण नेमून दिलेली गोष्ट आणि आपली गोष्ट यांतला फरक माणसाला एका रात्रीत कुठून कुठे नेतो, ते इथे दिसते.

ब्रिटनच्या शनेड आणि जॉन केर या स्कॉटिश भावंडांनी आणखी वेगळी वाट काढली. बर्फावर उचलायचे ते पुरुषाने, हा रिवाज. या जोडीत बहीणच भावाला उचलून घेई. प्रेक्षक प्रथम हसत, मग टाळ्या वाजवत. २००९ आणि २०११ मध्ये युरोपीय स्पर्धेत त्यांना कांस्यपदके मिळाली. घरात थोरली बहीण धाकट्या भावाला कडेवर घेतेच की. ते बर्फावर करायला मात्र धैर्य लागते.

यशाची बाजू अशी. आता नुकसानीची बाजू.

संयुक्त खाते उघडताना बँकेच्या अर्जावर एक ओळ असते. खाते कोणी चालवायचे? ‘दोघांपैकी कोणीही एक, अथवा हयात असेल तो’ असे लिहिले तर एकाच्या सहीवर भागते. ‘दोघांनी मिळून’ असे लिहिले तर दोन्ही सह्या लागतात, आणि एक सही बंद झाली की खाते गोठते. भावंडांच्या भागीदारीतली अशी गोठलेली खाती मी नोकरीत पुष्कळ पाहिली. धंदा चांगला चाललेला असे. एकाला शहर सोडायचे असे, दुसऱ्याला नसे. दोघांतला एकही वाईट नसे. परक्या भागीदारापासून फारकत घेता येते, बहिणीपासून कशी घेणार? म्हणून कोणी बोलतच नसे आणि कागद फायलीत पडून राही.

आइस डान्सचे खाते ‘दोघांनी मिळून’ या जातीचे. अमेरिकेत रेचल आणि मायकेल पार्सन्स ही बहीण-भावाची जोडी २०१७ मध्ये कनिष्ठ गटात जगज्जेती झाली. त्याच सुमारास कॅरोलिन आणि गॉर्डन ग्रीन ही दुसरी भावंडांची जोडीही पुढे येत होती. २०१९ मध्ये दोन्ही जोड्या संपल्या. रेचल थांबली, गॉर्डन थांबला. उरलेला भाऊ मायकेल आणि उरलेली बहीण कॅरोलिन यांनी मग आपापसांत जोडी केली आणि २०२२ मध्ये युरोपाबाहेरच्या चार खंडांची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. टाळ्या वाजवताना माझ्या मनात आले ते घरी राहिलेल्या दोघांचे. आपल्या भावाला दुसऱ्याच्या बहिणीबरोबर जिंकताना पाहणे हा आनंद असेलच. पण तो साधासुधा नसणार.

रीड कुटुंबाची कहाणी तर कादंबरीत घातली असती तर संपादकाने अतिशयोक्त म्हणून परत केली असती. आई जपानी, वडील अमेरिकन. कॅथी आणि तिचा धाकटा भाऊ ख्रिस जपानतर्फे २०१० आणि २०१४ अशी दोन ऑलिंपिक एकत्र खेळली. त्यांची धाकटी बहीण अ‍ॅलिसन हिला घरात जोडीदार उरला नव्हता. ती पंधराव्या वर्षी जॉर्जियाच्या मुलाबरोबर जॉर्जियातर्फे २०१० च्या त्याच ऑलिंपिकमध्ये उतरली. एका घरातली तीन मुले, एकाच स्पर्धेत, दोन झेंड्यांखाली. पुढे ती इस्रायलतर्फे खेळली आणि मग लिथुआनियातर्फे. लिथुआनियाचे नागरिकत्व नसल्याने २०२२ चे बीजिंग ऑलिंपिक तिला मुकावे लागले. २०१५ मध्ये कॅथीने स्पर्धा सोडली. ख्रिसने काना मुरामोतो हिच्याबरोबर जोडी करून २०१८ चे ऑलिंपिक गाठले. २०१९ च्या अखेरीस तोही निवृत्त झाला आणि मार्च २०२० मध्ये हृदयविकाराने अचानक गेला. वय अवघे तीस. ‘अथवा हयात असेल तो’ हे शब्द आम्ही अर्जावर किती सहज छापतो.

या साऱ्याचा अर्थ काय? भावंडांनी या खेळात येऊ नये, असे मी म्हणत नाही. उलट हा खेळ गोष्टीच्या बाबतीत इतका गरीब का, असे मला विचारावेसे वाटते. कादंबरी लिहिणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते की दोन माणसांत प्रेमाखेरीज शेकडो गोष्टी घडतात. राखण, मत्सर, एकाच घराची आठवण, एकमेकांचा कंटाळा, एकाने मागे राहणे. आपल्याकडे भाऊबीजेच्या ओवाळणीत हे सगळे एका ताटात असते, पण आपणही त्याला वर्षातून एक दिवस देऊन मोकळे होतो. नाटक-सिनेमातही बहीण-भाऊ मुख्य जोडी म्हणून क्वचितच येतात.

बर्फावर मात्र थोडी हालचाल दिसते. डिसेंबर २०२२ मध्ये कॅनडाच्या स्केटिंग संघटनेने आपल्या देशांतर्गत स्पर्धांसाठी जोडीची व्याख्याच बदलली. पूर्वी जोडी म्हणजे एक स्त्री आणि एक पुरुष. आता जोडी म्हणजे दोन स्केटर. दोन बहिणी नाचू शकतात, दोन भाऊ नाचू शकतात, दोन मित्र नाचू शकतात. हा बदल भावंडांना डोळ्यांसमोर ठेवून झालेला नाही. पण एकदा का जोडी म्हणजे प्रेमिक हे गृहीत सुटले की सर्वांत मोठा श्वास मोकळा होईल तो भावंडांचा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांची दारे त्या वेळी या बदलाला उघडली नाहीत.

आणि मे २०२५ मध्ये शिबुतानींनी जाहीर केले की आपण पुन्हा स्पर्धेत उतरत आहोत. मधल्या सात वर्षांत मायाच्या मूत्रपिंडावरील गाठीची शस्त्रक्रिया झाली होती, दोघांनी मिळून मुलांसाठी पुस्तके लिहिली होती. पदक घरात होते, सिद्ध करायचे काही नव्हते. तरी खाते पुन्हा चालू करायला दोन्ही सह्या मिळाल्या. इतकी वर्षे दोघांनी मिळूनच चालवायचे म्हणून एकानेही ते बंद केले नव्हते.

या भावंडांची एक खासियत जाणकार आवर्जून सांगतात. ट्विझल नावाचा एक प्रकार असतो. एका पायावर गरगर फिरत बर्फावरून पुढे सरकत जायचे, दोघांनी शेजारी शेजारी, एकमेकांना न धरता. अर्धा क्षण चुकला तरी पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. त्यात शिबुतानींचा हात धरणारे फार थोडे. ट्विझलचे गुण तांत्रिक रकान्यात मोजले जातात. तिथे कोणी कोणाच्या डोळ्यांत पाहावे अशी अपेक्षा नसते. दोघे दोन हात अंतरावर असतात, पाहत असतात समोर, आणि दुसरा नेमका कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक असते.